दादांची दाढी

त्याला सगळी गल्ली दाढीवाला म्हणायची, आणि त्याच्या स्वतःच्या गालावर धड चार केस उगवत नव्हते. नाटक-सिनेमासाठी खोट्या दाढ्यामिशा बनवणं हा त्याचा धंदा. खिडकीशी बसायचं, जवळचं बघायचा जाड भिंगाचा चष्मा चढवायचा, तोंडाच्या लाकडी साच्यावर बारीक जाळी ताणायची आणि आकडीच्या सुईने एकेक केस गाठ मारून बसवत जायचं. एका दाढीला आठवडा सहज लागे. घाई केली की दाढीचा झाडू होतो, असं तो म्हणे, आणि फारच घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेरची वाट दाखवी.

जिवंत दाढी मात्र त्याने जन्मात एकच हाताळली होती, ती थोरल्या भावाची. आईवडील लवकर गेले. दादांनीच त्याला लहानाचं मोठं केलं, शाळेत डोकं चालेना तेव्हा या धंद्याला लावलं. दादा प्रवचनं करत. लग्न नाही, संसार नाही. देव आणि धाकटा, एवढाच त्यांचा पसारा. दर आठवड्याला प्रवचन आटोपून ते दुकानात येत, खुर्चीत मान मागे टाकून बसत आणि धाकटा त्यांची दाढी कातरी. व्यासपीठावर गंभीर असणारा हा माणूस त्या खुर्चीत पोरासारखा खिदळे. आज कोण पेंगलं, त्यागावर बोलताना कोण कुणाच्या चपला घालून पसार झालं, सगळं साग्रसंगीत ऐकवी.

"हलू नकोस ना दादा, गाल कापला जाईल!"

"काप बाबा. तेवढीच प्रवचनाला सुट्टी."

धाकट्याला जगात याहून जास्त काही नको होतं, आणि हे त्याला तेव्हा कळतही होतं.

मग तो सिनेमा आला. विनोदी होता. त्यातला एक भोंदू संत स्वर्गाच्या रांगेत पुढचा नंबर लावून द्यायचा, आणि उपासाच्या दिवशी भक्तांना आशीर्वाद देता देता दाढीत लपवलेली बिस्किटं खायचा. "दाढी भारदस्त पाहिजे, बघताक्षणी हात जोडावेसे वाटले पाहिजेत," एवढंच दिग्दर्शकाने सांगितलं होतं. दाढीवाल्याने मन लावून काम केलं. भारदस्त म्हटल्यावर बोटं आपोआप ओळखीच्या वाटेने गेली. डाव्या जबड्याखाली भोवरा, त्यामुळे उजवीकडे कललेलं टोक, हनुवटीखाली पांढरा पट्टा. आपण काय विणतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते बाकीच्यांच्या ध्यानात आलं. पहिल्याच दिवशी थिएटरात कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपल्या दादांची दाढी!" बिस्किटांवर जे हसत होते ते दुप्पट हसले, आणि जे चिडले होते त्यांनी थिएटरच्या काचा फोडल्या. सिनेमा उतरवला गेला. ज्यांनी तो पाहिलाच नव्हता त्यांचा राग सगळ्यात मोठा होता, पण ते नेहमीचंच.

धाकटा माफी मागायला धावला, तर दादांच्या दारात भक्तांचा पहारा. "तोंड काळं कर," असं त्याला सुनावण्यात आलं. दादा आतच असणार, त्यांनी ऐकलं असणार, तरी ते बाहेर आले नाहीत, हे त्याच्या जिव्हारी लागलं. थोरला आहे, रागवायचा त्याला हक्क आहे. राग ओसरला की येईल आपणहून, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आणि तो वाट बघत बसला. काम करता करता मान वर करून रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्याची दाढी दिसते का बघायचा. दिसली की सुई खाली ठेवायचा. जवळ आली की ती दुसऱ्याच कुणाची तरी असायची. खुर्चीवर त्याने कुणाला बसू दिलं नाही. अशी वर्षं गेली. गल्लीतल्या बायका म्हणत, अहो, तुम्हीच जा की! तो म्हणे, "जाईन." गेला मात्र नाही. हट्टाच्या बाबतीत दोघे सख्खे भाऊच होते.

मग एका नाटकात ऋषी निघाला. दाढीवाल्याने जाळी ताणली, केस घेतला आणि थांबला. भोवरा नेमका कुठे होता? डावीकडेच, पण कानाच्या बाजूला की हनुवटीच्या? बोटांना आठवेना. दादांचं तोंड आपल्या हातून पुसलं जातंय, हे त्याला कळलं. चष्मा काढला, चपला घातल्या आणि तसाच निघाला.

आता दारात पहारा नव्हता. दार एका म्हाताऱ्याने उघडलं. गुळगुळीत गाल, बारीकशी हनुवटी. डोळे दादांचे होते.

"आलास?" दादा म्हणाले.

"दाढी?"

"काढली, त्याच आठवड्यात. मला हसले तर हसू देत रे. पण मी देवाचं नाव घेतलं की लोक बिस्किटं आठवून हसायचे. ते नाही सोसवलं. मग तुझ्याकडे आलो. खिडकीशी उभा राहिलो. तू वर बघितलंस आणि परत मान खाली घातलीस."

"कधी?"

"किती वेळा आलो! शेवटी तर तू हात झटकलास, जा म्हणून. मग म्हटलं, याचा राग जायचा नाही."

धाकट्याला आठवलं. एक बोडक्या तोंडाचा म्हातारा अधूनमधून खिडकीशी येऊन थांबायचा. त्या चष्म्यातून हातभर लांबचा माणूसही नुसता धुरकट दिसे, आणि तो शोधत होता दाढी.

"उजेड अडत होता, दादा," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. "हाक मारायची ना रे!"

"तुला मी वाढवलं," दादा म्हणाले. "वाटलं, तू ओळखशील."