राजाचा आवाज

मुलांचं नाटक रेकॉर्ड करून लावायचं, हा दोहा शहरातल्या आमच्या मराठी कार्यक्रमांचा जुना रिवाज. आईबाप घरी संवाद रेकॉर्ड करतात, स्टेजवर पोरं नुसती तोंडं हलवतात. महाराजांच्या चिकटवलेल्या मिश्यांमधून कुणाच्या तरी पप्पांचा आवाज येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला या प्रकाराचा मनापासून तिटकारा आहे. म्हणून यंदा नाटक बसवायला मला बोलावलं, तेव्हा मी एकच अट घातली. पोरं स्वतःच्या तोंडानं बोलतील. अडखळली तरी चालेल, चुकली तरी चालेल.

अटीमागे माझा स्वार्थ होता. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र इंग्रजीत येतं. नाशिकला माझे बाबा एकटे राहतात. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर ते नातीला जेवलीस का, शाळा काय म्हणते, असं काहीबाही विचारतात. ती भरधाव इंग्रजीत काहीतरी सांगते आणि पळते. त्यांना त्यातलं निम्मंही कळत नाही, तरी ते हसतात. ते हसणं मला बघवत नाही. एकदा तरी तिनं त्यांच्यासाठी चार वाक्यं मराठीत बोलावीत, एवढंच मला हवं होतं.

गोष्टही मी तिच्या आवडीची निवडली. शाळेत त्यांना एक मध्ययुगीन केल्टिक दंतकथा होती आणि ती तिनं मला अबू हमूरच्या ट्रॅफिकमध्ये, गाडीत, हातवारे करकरून सांगितली होती. एका जादूगारानं वाढवलेला राजा. तळ्यातल्या देवतेनं त्याला दिलेली मंतरलेली तलवार. राजा मोहिमेवर गेलेला असताना त्याचाच पुतण्या गादी बळकावतो. राजा परत येऊन त्याला मारतो खरा, पण स्वतःही वाचत नाही. मरताना तो शेवटच्या सरदाराला सांगतो, ही तलवार तळ्यात टाकून ये, ज्याची वस्तू त्याला परत जाऊ दे. सरदाराला रत्नजडित मुठीचा मोह पडतो. तो तलवार झुडपात लपवतो आणि येऊन सांगतो, टाकली. राजा विचारतो, तिथं काय दिसलं? सरदार म्हणतो, काय दिसणार, पाणी. आणि राजाला खोटं कळतं, कारण जादूची तलवार पाण्यात पडली तर नुसतं पाणी दिसणं शक्यच नसतं.

इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम सांभाळणारी माझी मैत्रीण नाराज होती. फितुरीसाठी थेट केल्टांकडे कशाला जायचं, आपल्याकडे काय तुटवडा आहे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आपल्या गोष्टींत माझी पोरगी तोंड उघडत नाही, या गोष्टीत उघडेल. तुझी अट पाळू, इन्शाल्ला, असं ती म्हणाली. इथं इन्शाल्ला म्हणजे बहुतेकदा ‘बघू’, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लेक राजा झाली. आता अडचण अशी की या पोरांना देवनागरी धड वाचता येत नाही. रोमन लिपीत लिहून दिलं तर वाचताना मराठीचा पार चुराडा करतात. मग मी सगळ्यांचे सगळे संवाद व्हॉइस नोट करून ग्रुपवर पाठवले. राजाचा आवाज खर्जात, सरदाराचा जरा चोरटा, जादूगाराचा म्हातारा. अल हिलालच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, घसा बसेपर्यंत बोलले. ऐका, पाठ करा, आपल्या आवाजात म्हणा, असं पोरांना बजावलं.

दर शुक्रवारी मैत्रिणीच्या व्हिलात तालीम व्हायची. लेक ‘तळ्यात’चं ‘तल्यात’ करायची, पण बोलायची. मी दुरुस्त करायची, ती परत म्हणायची, मी परत दुरुस्त करायची. शेवटच्या दोन तालमींच्या वेळी मुशैरिबच्या आमच्या ऑफिसात नेमका काहीतरी घोळ झाला आणि मला तिथं अडकून पडावं लागलं. नवरा तिला तालमीला घेऊन जायचा. कशी झाली, विचारलं की म्हणायचा, छान. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही छान. रोज भाजीतलं मीठसुद्धा तपशीलवार सांगणारा माणूस एका शब्दात उरकतो, आणि मला शंकासुद्धा आली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी संवादांचे कागद घेऊन विंगेत उभी होते, कुणी विसरलं तर सांगायला. पडदा वर गेला. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या माझ्या लेकीनं तोंड उघडलं आणि हॉलभर माझा आवाज घुमला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्याच व्हॉइस नोट जोडून कुणीतरी नाटक तयार केलं होतं. राजा मी, फितूर पुतण्या मी, जादूगार मी. ऐन लढाईत माझ्याच कुकरची शिट्टी झाली, लोक हसले, आणि पोरं इमानदारीत तोंडं हलवत राहिली. शेवटी मरणाऱ्या राजाचा संवाद आला, ज्याच्यासाठी मी सगळा खटाटोप केला होता. “मी मरायला टेकलोय, आणि आता तूही माझ्याशी खोटं बोलतोस?” लेकीचे डोळे खरंच भरून आले होते. ओठ अचूक हलत होते. आवाज माझा.

नंतर बायका येऊन सांगत होत्या, मुलीचं मराठी किती स्वच्छ आहे हो. मैत्रीण लांबूनच हात हलवून सटकली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गाडीत मी नवऱ्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “व्हॉइस नोट मीच जोडून दिल्या. पोरं घाबरली होती. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?” मागच्या सीटवरून लेक म्हणाली, “मम्मा, खलास ना आता.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाबांना व्हिडिओ कुणीतरी आधीच पाठवला होता. नात दिसताच त्यांनी तिच्या अभिनयाचं, मुकुटाचं कौतुक केलं. मग मला म्हणाले, “आवाज तुझा होता गं. तुझा आवाज मी ओळखणार नाही का? मला हिचा ऐकायचा होता.”

लेकीला सगळं कळलं होतं. ती फोनकडे बघून हळूच म्हणाली, “आजोबा, मी... मला तो...” आणि तिथंच अडली. बाबा कानामागे हात धरून वाट बघत होते. मला राहवलं नाही. “मला तो संवाद पाठ आहे,” मी तिच्या कानाशी कुजबुजले.

तिनं फोन माझ्या हातात दिला. “यू से इट, मम्मा,” ती म्हणाली, “यू से इट बेटर.”