कडूबाईच्या डबीतली बाळंतीण

धावडा गावची कडूबाई बोलकी होती, पण तिचं बोलणं माणसांपेक्षा गुरांशी जास्त. निजामाच्या राज्यातले ते दिवस. गावची साठेक गुरं ती एकटी रानात न्यायची, नवरा गेल्यावर तेच तिचं पोट. जात धनगराची, त्यामुळे गाईनं कान कसा हलवला यावरून तिला दुखणं कळायचं.

त्या साली ज्येष्ठात रामराव पाटलांची तांबडी गाय सुकायला लागली. कानात, कासेजवळ, शेपटीखाली गोचिडीच गोचिडी. पाटलांनी चावडीवर जाहीर करून टाकलं, "हे रानातलं लचांड हाय. कडूबाई कुठं बी गुरं घालती. पोळ्यापासून दुसरा गुराखी."

"पाटील, त्याच रानात कचरूची म्हस चरती. तिच्या अंगावर बिलकुल न्हाई," कडूबाई म्हणाली. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायची त्या घराण्यात रीत नव्हती.

दुसरी एक रीत मात्र होती. पाटलांची आई झुंबरबाई रोज सकाळी गाईच्या गोचिडी स्वतः वेचायची. चिरडायची नाही. त्यांच्या पोटात गाईचं रक्त, ते गोठ्यात सांडलं तर पाप. म्हणून एकेक टपोरी गोचीड ती अलगद भिंतीच्या भेगेत सोडायची. "जा माय, पोट भरलं न्हवं तुझं?"

गाय न्यायला आलेली कडूबाई ते बघून थबकलीच. "पाटलीणबाई, एक पाव्हणी मला द्या की."

"तुला कशाला गं?"

"घरी बोलायला कोणी न्हाई."

पाव्हणी चुन्याच्या रिकाम्या डबीत गेली. वर फडकं बांधून कडूबाईनं ती रांजणाशेजारी गारव्याला ठेवली आणि रोज विचारपूस सुरू केली. चार-पाच दिवसांनी गोचीड अंडी घालायला लागली, तीही तोंडाच्या बाजूनं! असलं बाळंतपण कडूबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांत तपकिरी अंड्यांचा ढीग आईपेक्षा मोठा झाला आणि आई सुरकुतून मेली. कडूबाईनं अंडी मोजायला घेतली. तीन विसा, म्हणजे साठ झाल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ढीग जसाच्या तसा. तिनं नाद सोडला.

महिन्याभरानं सगळी फुटली. पिल्लं राईहून बारीक. एक तिनं नखावर घेऊन बघितलं तर आईला आठ पाय आणि ह्याला सहाच. 'उरलेले दोन रक्त पिऊन येत असतील,' कडूबाईनं ठरवून टाकलं. ते बरोबरही होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, गुराख्याचा निकाल लावायला चावडी भरली. कडूबाईचा चेहरा अगदी गरीब गाईचा. तिनं फडकं सोडून डबी पाटलांपुढं ठेवली. "तुमच्याच गोठ्यातल्या एका गोचिडीची लेकरं. मोजा, पाटील."

"ही तर धूळ हाय," म्हणत रामराव डबीवर वाकले. त्यांचा श्वास लागला मात्र, सगळी धूळ जागी झाली. पुढचे पाय वर करून पिल्लं काठावर आली, काठावरून पाटलांच्या बोटांवर, बोटांवरून मनगटावर. पाटील उठून नाचायलाच लागले.

"म्हयनाभर उपाशी हायत्या बिचाऱ्या," कडूबाई म्हणाली. "श्वास लागला की जेवण आलं म्हणून उठत्यात. रानात गवताच्या शेंड्यावर बसून हेच करून राह्यल्या. पण तुमच्या गाईला रानात यायची जरूरच न्हाई. एकीची एवढी लेकरं, अन् तुमच्या गोठ्याच्या भिंतीत रोज मूठभर अशा आया पडून राह्यल्या."

चावडी हसून हसून वाकली. पाटील अंग खाजवत घरी गेले आणि पेटता पेंढा भेगेत घालायला लागले. मागोमाग कडूबाईही गेली, गंमत बघायला. लेकाकडून सगळं ऐकून झुंबरबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"मंग तीस वर्सं मीच माझ्या गाई त्यांच्या तोंडी दिल्या का गं?"

कडूबाईच्या ओठावर चांगलं खमंग उत्तर आलं होतं. म्हातारीचे डोळे बघून तिनं ते गिळलं. खरं तर तिला स्वतःचीच लाज वाटली. पेंढा पेटवायला आणलेलं निखाऱ्यांचं मडकं तिनं पुढं सरकवलं. "वेचायचं तुम्हीच वेचा, पाटलीणबाई. तुमच्यासारखी नजर कोणाला न्हाई. फक्त ह्यात टाका. थेंब बी गोठ्यात सांडणार न्हाई."

म्हातारीनं गाईच्या कानामागून एक टपोरी ओढून काढली, तिच्याकडं घटकाभर बघितलं आणि निखाऱ्यात टाकली. फट् असा आवाज झाला. मग ती लेकाकडं वळली.

"रामा, गुरं कडूबाईच नेईल. ह्या घरात माझा बी शब्द मागं घ्यायची रीत न्हाई."