बारा फुटी पान

आमच्या मिस्त्रीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हत्यारांना धार लावून तो साडेपाचला घर सोडायचा. त्याची लेक दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून ती आठला यायची आणि दिवसा झोपायची. झोपायची कसली, नुसती पडून राहायची. तिच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेरची भांडी, आजीचा खोकला, सगळं आत. "बाबा, साऱ्या गावाची दारं केलीत," एवढंच ती एकदा म्हणाली. सिनेमाचं काम त्याने घेतलं ते तिच्या दाराच्या लाकडासाठी.

सिनेमा मुलांचा. एक भित्री मुलगी गोष्टींच्या पुस्तकांत शिरते. आम्ही चौघा सुतारांनी बारा फुटी पुस्तक उभं केलं. मुलीने पान ढकलायचं आणि आत जायचं. पान भरीव लाकडाचं, तरी मिस्त्रीने ते असं टांगलं की करंगळीने फिरावं. तीस वर्षांत त्याच्या हातून दुसऱ्या तऱ्हेचं दार गेलं नव्हतं.

डायरेक्टर वैतागला. त्याला पान जड हवं होतं, मुलीची भीती आणि दमछाक दिसायला हवी होती. तसं त्याने आधी सांगितलंही होतं. मिस्त्रीने ऐकलं होतं, त्याच्या हातांनी नाही.

बिजागऱ्या बिघडवायला तो तयार होईना. मी म्हटलं, मागे वाळूची पोती लाव. तो म्हणाला, "कधी सोडायचं ते पोत्याला कळत नाही." मग स्वतःच पानामागे खांदा लावून उभा राहिला.

मुलगी खरोखरच बुजरी होती. चौथ्या खेपेला तिने पानापाशी तोंड नेऊन विचारलं, "मागे कोण आहे?"

"मी. मिस्त्री."

"मग उलटं का ढकलताय, आजोबा?"

"पगार त्याचाच मिळतो, बाळा. तू ढकल. तुझा जोर संपत आला की मी सोडतो."

त्यानंतर ती घाबरेचना. म्हणून आणखी खेपा घ्याव्या लागल्या. सदतीस झाल्या. शेवटच्या खेपेला त्याच्या खांद्यात काहीतरी तुटलं. तरी सोडायची वेळ येईपर्यंत तो हलला नाही.

पैसे वेळेवर मिळाले. हात मात्र छातीच्या वर जाईना, रंधा धरवेना. दोन महिने त्याने वाट पाहिली. मग दुकानात जाऊन तयार दार विकत घेतलं, दाबलेल्या भुशाचं, आतून पोकळ. बसवायलाही दुकानाचाच माणूस आला. दार करकरत होतं. पहिल्या दिवशी लेक दुपारी तीनपर्यंत झोपली.