पुलावर उतरलेली अधिकारी

माझी आत्या बावीस वर्षं एका परदेशी दूतावासात टेलिफोन ऑपरेटर होती. दूतावास त्यांचा, शहर आमचं. तिथले साहेब दर तीन वर्षांनी बदलत. आत्या, तिची खुर्ची आणि खुर्चीचा मोडका हात तेवढा कायम. तिची खोली जिन्याखाली होती. साहेब मागच्या दाराने गाडीतून येत नि त्याच दाराने जात, त्यामुळे आत्याला त्यांच्या खोकल्यावरून मूड कळायचा, पण त्यांनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं कारणही नव्हतं म्हणा. फोन लागतोय, म्हणजे बाई जिवंत आहे, एवढी माहिती त्यांना पुरत असे.

मग आमच्या देशात आपसातलं युद्ध पेटलं. दूतावासाने तातडीने पावलं उचलली, म्हणजे एक परिपत्रक काढलं. 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये, दूतावास सदैव आपल्या पाठीशी आहे.' ते फलकावर लावलं त्याच दुपारी साहेब, मेमसाहेब, दोन कुत्री आणि दिवाणखान्यातला गालिचा सरहद्दीपलीकडे रवाना झाले. पाठीशी उभं राहायचं तर थोडं मागे सरकावं लागतंच. साहेब साडेतीनशे किलोमीटर मागे सरकले.

जाताना दुय्यम साहेबांनी आत्याच्या हातात किल्ल्या ठेवल्या.

"फोन आले तर सांगा, आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत."

"आणि माझं काय?"

"तुम्ही स्थानिक कर्मचारी. तुम्हाला कुठे जायचंय? तुम्ही तर घरीच आहात!"

ते इतक्या कौतुकाने म्हणाले, की आत्याला आपण नशीबवान असल्यासारखं वाटलं. दोन मिनिटं.

चौथ्या दिवशी सरकारी इस्पितळातून मेट्रनचा फोन आला. दूतावासाच्या देशातल्या त्रेचाळीस नर्स वसतिगृहात अडकल्या होत्या. पाणी एक दिवसाचं, समोरच्या गच्चीवर बंदूकवाले. आत्याने साहेबांना फोन जोडला.

"रीतसर लेखी अर्ज पाठवायला सांगा," साहेब म्हणाले. "तीन प्रतींत. प्रत्येकीचे दोन फोटो."

"साहेब, फोटोवाल्याचं दुकान जळालंय."

"मग तसा खुलासा अर्जात करायला सांगा."

आत्याने फोन ठेवला आणि मोठ्या साहेबांच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. कपाटातून प्रवासाच्या कागदांचा गठ्ठा आणि शिक्का काढला. मेट्रनकडून फोनवर नावं घेत घेत त्रेचाळीस कागद भरले. फोटोच्या चौकटीत तिने उंची, केस, तीळ असं लिहिलं. सही मात्र केली नाही. शिक्काच असा दाबून मारला, की सहीची जागा त्याखाली झाकली गेली.

बसगाड्या दोन मिळाल्या, बंद पडलेल्या शाळेच्या. राहिला पुलावरचा नाका. आत्याने तिथे फोन लावला. तो ज्याच्या ताब्यात होता, त्या कमांडरचा आवाज आत्याने लगेच ओळखला. युद्धाआधी आईच्या ऑपरेशनसाठी व्हिसा हवा म्हणून तो तीन महिने रोज फोन करत असे.

"तुम्हीच ना त्या? मला रोज ताटकळत ठेवणाऱ्या?"

"मीच. आई कशी आहे?"

"चालते-फिरते आता." मग "जरा धरा हं," म्हणाला आणि त्याने आत्याला पंचवीस मिनिटं फोनवर तिष्ठत ठेवलं. तिने ती निमूट सोसली. परत आला तेव्हा तो बराच निवळला होता. "उद्या बारा ते एक. यादीप्रमाणे त्रेचाळीस आणि सोबत दूतावासाचा एक अधिकारी. अधिकारी नसेल तर बस परत."

घरी माझ्या बाबांनी डोक्याला हात लावला. "तू काय अधिकारी आहेस?"

"इमारतीत मी एकटीच आहे, दादा. म्हणजे सगळ्यात मोठी मीच की."

दुसऱ्या दिवशी वसतिगृहापाशी नर्स चढल्या, आणि त्यांच्या मागोमाग इस्पितळाच्या लाँड्रीतली बाईही चढली. ती आमच्याच देशाची. तिचा भाऊ दुसऱ्या बाजूने लढत होता, आणि त्याबद्दल हिला जाब विचारायला माणसं दोनदा तिच्या घरी येऊन गेली होती. निरोप द्यायला आलेली मेट्रन आत्याच्या कानाशी लागली, "हिला उतरवायचं तर तुम्ही उतरवा. मला जमणार नाही." आत्यालाही जमलं नाही.

पुलावर शिपायाने दोन्ही बसमधली माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"त्रेचाळीस आणि अधिकारी एक. इथे पंचेचाळीस भरतात. ही जादा कोण?"

लाँड्रीवाली खिडकीबाहेर बघत होती. आत्या उठली आणि स्वतःची चामडी पर्स लाँड्रीवालीच्या मांडीवर ठेवली.

"जादा मी. मी नुसती पोचवायला आले होते. अधिकारी या बाई."

"या बोलत का नाहीत?"

"मोठ्या अधिकारी आहेत. शिपायांशी बोलत नसतात."

हे शिपायाला ताबडतोब पटलं. आयुष्यात त्याने अधिकारी पाहिले असणार. बस निघाल्या आणि आत्या पूल उतरून चार किलोमीटर चालत घरी आली. वाटेत दोनदा गोळीबार झाला, तेव्हा ती एका बंद दुकानाच्या पायरीआड बसून राहिली. घरी आल्यावर तिने कपडे वाळत घातले आणि मग मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

सरहद्दीवर साहेब हार आणि फोटोग्राफर घेऊन उभे होते. त्यांनी लाँड्रीवालीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचा आवाज रोज ऐकतो, आज दर्शन झालं!" ती तेव्हाही बोलली नाही. फोटो छापून आला: साहेब आणि त्यांची शूर सहकारी. त्या फोटोच्या जोरावर तिला पलीकडच्या दुसऱ्याच खात्याकडून तिथे राहायचा परवाना मिळाला, आणि साहेबांना पदक.

आत्याने पुन्हा जिन्याखालून फोन उचलला, तसा तिला मेमो मिळाला. 'आपण सरहद्दीवर हजर असूनही नंतर न कळवता परत गेलात. शिक्क्याच्या वापराबाबतही खुलासा करावा.'

बाबा भडकले. "लिही, फोटोतली बाई मी नव्हेच म्हणून!"

"आणि मग तिला कुठे पाठवतील?"

आत्याने खुलासा एका ओळीत लिहिला: 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' त्या वर्षीची पगारवाढ रोखली गेली. पुढे नवे साहेब आले. त्यांनी जिन्याखाली डोकावून फाइलमधल्या फोटोकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "युद्धाने माणूस किती बदलतो, नाही?"

"हो ना," आत्या म्हणाली, आणि वाजणारा फोन उचलला.