टेबलावरची दोन बोटं

चहाला चमेलीचा वास आला की माझ्या चिनी सासऱ्यांच्या अमेरिकेतल्या, ॲन आर्बरमधल्या चर्चची जुनी मीटिंग आठवते. कँटोनीज आणि मँडरीन बोलणाऱ्यांची रविवारची प्रार्थना एकत्र करायची का, हे दोन्हीकडचे प्रमुख ठरवत होते. मी चहा ओतत होते. कप भरला की सासरे टेबलावर दोन बोटं हळूच वाजवत. त्यांचे कँटोनीज मित्रही वाजवत. मँडरीनवाले त्या बोटांकडे संशयाने बघत होते; मलाही ते खटकत होतं.

शेवटी मँडरीनवाल्या लिऊकाकांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या आपसात कसल्या खुणा चालल्यात?"

"चहा देणाऱ्याचे आभार मानतोय," सासरे म्हणाले.

काकांना ते पटलं नाही. खात्री करायला त्यांनी माझ्याकडून किटली घेतली आणि एकेकाचा कप स्वतः भरला. प्रत्येक कपामागे दोन बोटं वाजली.

आता प्रार्थना एकत्र होते. किटली अजून काकांकडेच असते, आणि ओतताना त्यांची नजर अजून बोटांवरच असते.