चाळणीबाईंची गिऱ्हाइकं

लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढून देणं हा बाईंचा घरबसल्या धंदा. छापखान्यातली नोकरी सोडून त्यांनी तो मांडला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचं नाव चाळणीबाई ठेवलं, आणि ते काही लाडानं नव्हे. समोरच्या इस्त्रीवाल्याची पाटीसुद्धा त्यांनी दुरुस्त करून दिली होती, त्यानं न विचारता.

धंदा वाढावा म्हणून बाईंनी वेबसाइट काढली आणि दोन वर्षं दर सोमवारी तिच्यावर लेख चढवला. ‘स्वल्पविरामाचे महत्त्व’, मग ‘स्वल्पविरामाचे महत्त्व, भाग दुसरा’. कामं येत होती, तेव्हा लेख गाजतायत याबद्दल बाईंना शंका नव्हती. गालबोट एकच. एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी आपल्या ब्लॉगवर लिहून ठेवलं होतं, ‘या बाईंनी माझ्या आत्मचरित्रात दोनशे चौदा चुका काढल्या. तिसऱ्या प्रकरणात वारलेले मामा सातव्यात चहाला कसे आले, असंही विचारलं. बाईंना दयामाया नाही.’ खाली बाईंच्या वेबसाइटची लिंक, लोकांनी सावध राहावं म्हणून. ते काढायला लावण्यासाठी बाईंनी आठ पत्रं लिहिली, तेव्हा कुठे साहेब नमले. रविवारी चारला घरी येऊन माफी मागतो आणि तुमच्यासमोरच पुसतो, म्हणाले.

त्या रविवारी दुपारी, साहेब यायच्या आधी, धाकटी बहीण आली. कंपन्यांच्या वेबसाइट सांभाळणं हेच तिचं काम. तिनं सहा महिन्यांपूर्वी ताईच्या वेबसाइटला अ‍ॅनालिटिक्स जोडून दिलं होतं. कोण कुठून आलं, किती वेळ टेकलं, सगळं त्यात दिसे. बाईंनी ते उघडलं नव्हतं. स्वतःच्या यशाची मोजदाद करणं त्यांना हलकं वाटे.

“ताई, लेख वाचायला सहा महिन्यांत अकरा वेळा कुणीतरी आलंय. त्यातल्या नऊ वेळा याच घरातून.”

“चुका राहिल्यात का बघत होते.”

“आणि कामाचा फॉर्म भरणारे चाळीस. त्यातले अडतीस त्या इंजिनिअरच्या पानावरून आलेत. लोक ते वाचतात आणि म्हणतात, हीच बाई पाहिजे.”

बाईंना हसू आलं नाही. दोन वर्षांचे सगळे सोमवार पाण्यात गेले होते, आणि घर चालत होतं ते शिव्यांवर. अपमान झाला म्हणावा, तर करणारं मशीन.

चारला साहेब आले. मान खाली घालून माफी मागितली आणि पुसायला फोन काढला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“असू द्या तसंच. तुम्ही लिहिलंय त्यात खोटं काय आहे?”

खरं कारण अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. साहेबांचे डोळे भरून आले. “एवढं मोठं मन मी पाहिलं नव्हतं,” म्हणत ते जिना उतरले.

घरी गेल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी जुना मजकूर काढला आणि नवा लिहिला, ‘बाई अत्यंत मऊ मनाच्या आहेत. कुणाला दुखवणं त्यांच्या स्वभावातच नाही.’ लिंक तीच ठेवली. बाईंनी कळवळून फोन केला, तर साहेब म्हणाले, “नाही, हा तुमचा विनय झाला. आता एक अक्षर बदलणार नाही.”

पुढच्या महिन्यात फॉर्म भरणारे दोघं. त्यातल्या एका कवीची अट होती, की कवितांना हात लावू नये.

मग टपालानं जाडजूड पाकीट आलं. साहेबांच्या आत्मचरित्राचा दुसरा खंड. ‘आता मला भीती नाही,’ असं सोबत लिहिलं होतं. बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांना साहेबांची कीव आली आणि स्वतःची जास्त. नसलेली चूक त्यांनी जन्मात कधी दाखवली नव्हती. एवढा एकच अभिमान त्यांच्याजवळ शिल्लक होता.

मग त्यांना ते अडतीस फॉर्म आठवले, आणि त्यांनी पेन उघडलं. पहिल्या प्रकरणात त्यांनी एकतीस खुणा केल्या. चुका तेवीस होत्या.