लाल फितीची आणि निळ्या फितीचा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायचं मनावर घेतलं. चौकशी केली तर जो तो एकच सांगायचा, "घाबरट असाल तर ब्रेकताईंकडे जा." मी घाबरट होतेच. गेले.

ब्रेकताई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर ताईंचा उजवा पाय बावीस वर्षं टेकलेला होता. समोरून ट्रक अंगावर आला तरी त्यांचा सूर बदलत नसे. "घाई कुणालाच नाहीये," एवढंच म्हणायच्या आणि पाय दाबायच्या. चौकात गाडी बंद पाडून रडणाऱ्या माणसांना त्यांनी शिकवलं होतं, डावं-उजवं न कळणाऱ्यांना शिकवलं होतं, एका निवृत्त न्यायाधीशांना शिकवलं होतं, जे सिग्नलशीच वाद घालत. त्यांचा तोल गेलेला कुणी पाहिला नव्हता. तो जाताना पाहायचं भाग्य माझ्या वाट्याला आलं, आणि तेही दोन वीतभर पिल्लांमुळे.

घरी त्या आणि त्यांचे थोरले बंधू, दोघंच. दादा मुद्रितं तपासायचे. छापखान्यातून पानांचे गठ्ठे घरी यायचे आणि दादा खिडकीजवळच्या टेबलावर चुका काढत बसायचे. भिंगं जाड, नजर कागदापुरती तिखट. पानावरचा हरवलेला अनुस्वार त्यांना हातभर अंतरावरून खुपायचा. बाकी घरात पडदे बदलले तर महिन्याभराने लक्षात यायचं.

या दादांकडे, माझी शिकवणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, एक मांजरीचं पिल्लू आलं होतं. राखाडी अंग, काळे पट्टे. छापखान्यातल्या रद्दीच्या ढिगात सापडलेलं. ते तपासायच्या पानावर अंगाची गुंडाळी करून असं बसायचं की लांबून स्वल्पविराम वाटावा, म्हणून नाव ठेवलं स्वल्पी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ती मादी असल्याचं सांगून तसं कार्ड करून दिलं आणि दादांनी गळ्यात सैलशी लाल फीत बांधली. तेव्हापासून दादांची कामं रखडायला लागली. स्वल्पी ज्या पानावर झोपेल त्या पानातल्या चुका तशाच छापून जाऊ देत, या मताला ते आले होते.

माझ्या पाचव्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली. म्हणजे मी पाडली. इंजिनाचा आवाज थांबला आणि त्या शांततेत बारीकसं काहीतरी किणकिणलं.

"बेल्ट वाजतोय का?" मी विचारलं.

ताईंनी कान दिला. "बेल्ट म्याव म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या मागच्या बेचक्यात तेलाने काळंभोर झालेलं एक मांजराचं पिल्लू बसलं होतं आणि एका नळीला चारी पायांनी कवटाळून होतं. ते सोडवायला आम्हाला पाव तास लागला. नळी सुटली ती ताईंची बाही धरण्यासाठी. त्यांनी बाही सोडवली तर त्याने ओढणी धरली.

"तुमच्या क्लचसारखं आहे," ताई मला म्हणाल्या. "एकदा धरलं की सोडायचं नाव नाही."

अशा रीतीने त्याचं नाव क्लच पडलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हा बोका आहे. घरी आणून कोमट पाण्याने पुसला, तसं ग्रीस उतरलं आणि आतून हुबेहूब दुसरी स्वल्पी निघाली. तेच राखाडी अंग, तेच पट्टे, तेवढाच आकार. ताईंनी लगोलग त्याच्या गळ्यात निळी फीत बांधली.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "एकदम समोरासमोर आणू नका. आठ दिवस दोन खोल्यांत ठेवा. मधलं दार बंद. आधी एकमेकांचा वास ओळखीचा होऊ दे. अंथरायची फडकी अदलाबदल करा, दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला द्या. मग फटीतून बघू दे, आणि मग दार."

दोघं भावंडं नियमाची पक्की. स्वल्पी बाहेरच्या खोलीत दादांपाशी, क्लच आतल्या खोलीत ताईंपाशी. पहिल्या दिवशी दाराच्या दोन बाजूंना ताटल्या ठेवल्या. स्वल्पीने दाराखालच्या फटीला नाक लावलं आणि कढईत फोडणी पडावी तशी ती फिस्कारली. पलीकडून क्लचनेही तसंच उत्तर दिलं. दादा एवढे दचकले की त्यांचा चष्मा ताटलीत पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. ताई शिकवायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे तारवटलेले होते. "झोपेतही फिस्कारते हो ती," त्या म्हणाल्या, आणि मी चुकून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू केली तरी काही बोलल्या नाहीत.

आता पुढे जे घडलं ते मला नंतर दोघांच्या तोंडून, दोन बाजूंनी कळलं. इथे ते क्रमाने सांगते.

मंगळवारी सकाळी ताई कामावर गेल्यावर दादा विचार करत बसले. फडकी बदलून फरक पडत नव्हता. मग त्यांच्या डोक्यात आलं की मांजराचा सगळ्यात जास्त वास गळ्यातल्या फितीला लागत असणार. त्यांनी स्वल्पीची लाल फीत सोडून क्लचला बांधली आणि क्लचची निळी स्वल्पीला. मांजरं जिथल्या तिथे, फक्त फिती बदललेल्या. मग पानांचा गठ्ठा उचलून ते छापखान्यात गेले.

संध्याकाळी ताई घरी आल्या. दादा अजून यायचे होते. ताईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं तर पलंगावर लाल फीत. बाहेरच्या खोलीत टेबलावर निळी फीत. सकाळी घाईत आपण दार लावायच्या आतच पिल्लं इकडची तिकडे झाली, असं त्यांना वाटलं. त्यांनी झटपट लाल फितीचं पिल्लू उचलून बाहेर नेलं, निळ्या फितीचं आत आणलं, दार लावलं आणि कानाला खडा लावला. दादांना सांगायची काही गरज नाही, असंही ठरवलं.

रात्री जेवायच्या आत दादा आले. बघतात तर बाहेरच्या खोलीत लाल फीत. म्हणजे ताईने आपला प्रयोग मोडून फिती पुन्हा होत्या तशा केल्या. विचारलंसुद्धा नाही. दादा दुखावले. त्यांनीही ठरवलं की या विषयावर आपण चकार शब्द काढायचा नाही.

थोडक्यात, त्या क्षणापासून स्वल्पी क्लच म्हणून आत राहत होती, आणि क्लच स्वल्पी म्हणून बाहेर. घरातल्या दोन शहाण्या माणसांपैकी एकालाही याचा पत्ता नव्हता.

मग प्रगतीला सुरुवात झाली. बुधवारी ताई गाडीत बसल्या त्या हसतच. "क्लचला वळण लागलं," त्या म्हणाल्या. "आल्यापासून पडद्याला लोंबकळत होता. काल संध्याकाळपासून कसा शहाण्यासारखा गुंडाळी करून बसतो. चार दिवस माझ्या हाताखाली राहिला, फरक पडणारच." माझ्याकडे बघून त्या जरा थांबल्या. मी त्याच्या दुप्पट दिवस त्यांच्या हाताखाली होते.

तिकडे दादा शेजारपाजारी सांगत होते की स्वल्पी मोकळी झाली. आधी किती गंभीर होती, आता बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर येते. त्यांनी काढलेल्या चुकांवर तिने पंजा मारला, दौत उपडी केली, पानाचा कोपरा खाल्ला. दादांना त्यात तिची वाढती समज दिसत होती. आणि दाराशी जेवण अगदी सुरळीत. फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही. दोन्हीकडून नुसतं मिटक्यांचं काम. "नियमाने केलं की होतं," दादा म्हणाले. "नियमानेच होतं," ताई म्हणाल्या. दोघांचा अबोला मिटला, आणि मुळात तो होता हे दादांनी सांगेपर्यंत ताईंना कळलंच नव्हतं.

रविवारी दोन्ही पिल्लांना जंताच्या औषधासाठी न्यायचं होतं. ताईंनी मला बोलावलं. "आज रस्ता दवाखान्याचा," त्या म्हणाल्या. "पूल आहे, चढ आहे, सराव होईल." मी चाकाशी, ताई शेजारी पाय रोवून, मागे दोन झाकणाच्या टोपल्या आणि मध्ये दादा.

डॉक्टरीणबाईंनी लाल फितीचं पिल्लू टेबलावर घेतलं, शेपटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ही स्वल्पी ना?"

"हो," दादा कौतुकाने म्हणाले.

"हा बोका आहे."

"असं कसं? तुम्हीच मादी लिहून दिलंय."

त्यांनी कार्ड पाहिलं, मग निळ्या फितीचं पिल्लू उचलून बघितलं. "आणि हा तुमचा क्लच मादी आहे."

मग ताईंनी अगदी हळू विचारलं, "डॉक्टर, चार-पाच दिवसांत असं बदलतं का?"

"नाही बदलत."

दादांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. "मंगळवारी सकाळी," ते काचेकडे बघत म्हणाले, "फिती मी बदलल्या होत्या."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मंगळवारी संध्याकाळी," त्या म्हणाल्या, "मांजरं मी बदलली."

डॉक्टरीणबाई हातातली बाटली ठेवून स्टुलावर बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जरा सावरल्यावर म्हणाल्या, "पाच दिवस एकमेकांच्या अंथरुणात झोपलीत, एकमेकांच्या माणसांच्या मांडीवर बसलीत. एवढी अदलाबदल मी सांगूनही कुणी केली नसती. घरी जाऊन दार उघडा. हळूहळू मात्र."

हळूहळू ते होणार नव्हतं. परतीच्या वाटेवर ताई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे गदगदत होते. 'वळण लागलं' असं मध्येच पुटपुटायच्या आणि पुन्हा गदगदायच्या. मागे दादांना चैन पडत नव्हतं. चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. पुलाच्या चढावर लाल दिवा लागला तेव्हा त्यांनी एक टोपली उघडली, क्लचला मांडीवर घेऊन लाल फीत सोडली. ती स्वल्पीला बांधायची म्हणून दुसरी टोपली उघडली. दोन हात, दोन फिती, दोन पिल्लं. पुढचं गणित त्यांनी केलंच नव्हतं.

क्लच माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि पायाशी उतरला. तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

"ताई," मी म्हणाले, "ब्रेकखाली काहीतरी मऊ आहे."

"पाय उचला. दोन्ही."

मी उचलले. गाडी मागे घरंगळू लागली आणि तिथेच गच्च थांबली. ताईंचा पाय जागच्या जागी होता. हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकायला लागले, मागून भोंग्यांचा एकच गजर सुरू झाला. ताई क्लचला पकडायला वाकल्या, तर तो सीटखालून सटकून मागे दादांच्या पायाशी निघाला आणि पँटला धरून वर चढला.

दादांच्या एका गुडघ्यावर क्लच, दुसऱ्यावर स्वल्पी. स्वल्पीची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली. ती फिस्कारली, पण मन लावून नव्हे. मग मान लांब करून तिने वास घेतला आणि गोंधळली. या अनोळखी प्राण्याला तिच्याच टेबलाचा, तिच्याच दादांचा वास येत होता. क्लचनेही नाक पुढे केलं. नाकाला नाक लागलं. स्वल्पीने पंजा उचलून त्याच्या टाळक्यात एक टपली मारली, मग आणखी एक. क्लच आडवा झाला, पोट वर करून चारी पाय हवेत. पुढच्या क्षणी दोघांचा मिळून एक राखाडी गोळा झाला आणि तो मागच्या सीटवर या दारापासून त्या दारापर्यंत लोळायला लागला.

काचेवर टकटक झाली. वाहतूक पोलीस होता. ताईंनी काच खाली केली.

"गाडी बंद पडलीय का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "ओळख करून देतोय."

त्याने आत डोकं घातलं. गोळ्यातून एक पंजा बाहेर येऊन दादांचा चष्मा घेऊन गेला. पोलिसाने थोडा वेळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"झालीच आहे जवळपास."

तो मागे वळला आणि शांतपणे बाकीच्या गाड्या बाजूच्या रांगेतून सोडायला लागला.

इकडे ताई सीटवर उलट्या गुडघ्यांवर बसून, हनुवटी सीटच्या पाठीवर टेकवून बघत होत्या आणि हसत होत्या. दादा हसत होते. मी तर चाकावर डोकं टेकून हसत होते आणि कपाळ लागून भोंगा वाजत होता, तरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटी ताईंनीच दोघांना टोपलीत घातलं. एकाच टोपलीत, कारण सोडवून वेगळं करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

घरी आल्यावर मधलं दार उघडलं ते कायमचं. बाहेरच्या टेबलावरून आतल्या पलंगावर, पलंगाखालून पुन्हा टेबलावर, अशा फेऱ्या सुरू झाल्या. फिती दादांनी कागदांच्या पेटीत ठेवून दिल्या. कोणतं पिल्लू कोण हे आता सांगावं लागत नव्हतं. पान खाणारा क्लच, पानावर झोपणारी स्वल्पी. ताई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायांवरून दर अर्ध्या मिनिटाने दोन पिल्लं धडधडत जात होती.

फोन वाजला. चार वाजताच्या शिकणाऱ्यांचा होता.

"आज नाही जमणार," ताई म्हणाल्या. "नाही, नाही, गाडी ठीक आहे. घरातच जरा वाहतूक आहे."